ओझचा जादूगार: डोरोथी खरंच गेली होती की ते स्वप्नच होतं?

कोवळं_ऊन

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण घरात गेले तीन आठवडे एकच विषय चाललाय आणि आता मला त्यावर कोणाशी तरी बोलायचंच आहे.

झालं असं की माझ्या लेकीने, वय वर्षं आठ, १९३९ चा 'द विझर्ड ऑफ ओझ' बघितला. जुडी गार्लंडवाला. मी शेजारीच भाजी निवडत बसले होते. शेवट आला, वादळाने उडवून ओझ या जादूच्या देशात नेलेली डोरोथी कॅन्ससच्या घरी पलंगावर जागी होते, भोवती एम काकू, हेन्री काका, शेतावरचे गडी सगळे उभे, आणि ती जीव तोडून सांगतेय की अहो मी खरंच गेले होते, तू होतास तिथे, तू पण होतास, आणि ते सगळे एकमेकांकडे बघून हसतायत, काकू म्हणते पडून राहा बाळ, वाईट स्वप्न पडलं तुला. मला हा शेवट कायम गोड वाटत आलाय. लेक मात्र रडायलाच लागली. मी विचारलं काय झालं गं, तर म्हणाली, "ती एवढं सगळं करून आली आणि तिचं कोणी ऐकतच नाहीये."

मला काही सुचलंच नाही. मी स्वतः ही गोष्ट लहानपणी मराठीत वाचली होती, एक पातळसं संक्षिप्त पुस्तक, बुजगावणं, पत्र्याचा माणूस आणि भित्रा सिंह एवढंच डोक्यात राहिलेलं. मग मूळ पुस्तक काढलं, एल. फ्रँक बॉम यांचं, १९०० सालचं, डेन्स्लो यांची चित्रं असलेलं. रोज झोपताना एक प्रकरण, इंग्रजीवर नजर ठेवून मी मराठीत सांगत जाते. एकूण चोवीस प्रकरणं आहेत, आमची एकवीस झाली.

आणि पहिल्याच पानावर मी थबकले. सिनेमात कॅन्सस तपकिरी दिसतं ना, ते मला वाटायचं सिनेमावाल्यांनी केलेली युक्ती. पण ते पुस्तकातच आहे हो! उन्हाने नांगरलेली जमीन करडी झालीय, गवत करडं, घराचा रंग पोपडे येऊन पावसात धुऊन गेलाय म्हणून घरही करडं. एम काकू लग्न होऊन आली तेव्हा तरुण आणि देखणी होती, तिच्या डोळ्यांतली चमक आणि गालांवरची लाली ऊनवाऱ्याने नेली. हेन्री काका दाढीपासून बुटांपर्यंत करडा. आणि ही अनाथ पोर पहिल्यांदा त्या घरात आली तेव्हा तिच्या हसण्याने काकू एवढी दचकायची की किंचाळून छातीवर हात ठेवायची. हे वाक्य मराठीत सांगताना माझा आवाज बदलला, लेकीच्याही लक्षात आलं. किती वर्षं त्या घरात कोणी हसलं नसेल!

तर मी पुढे डोकावून शेवट वाचून घेतलाय (लेकीला सांगितलेलं नाही). पुस्तकात स्वप्नबिप्न काही नाही. डोरोथी खरंच जाते, खरंच परत येते. परत येते तेव्हा जुनं घर नाहीच, वादळाने नेलेलं ना, काकाने नवीन बांधलंय. काकू कोबीला पाणी घालायला बाहेर आलेली असते, पोर धावत येताना दिसते, तिला कवटाळते आणि विचारते कुठून आलीस गं. आणि डोरोथी गंभीरपणे सांगते, ओझच्या देशातून. पुढे दोनेक वाक्यांत पुस्तक संपतं. "स्वप्न पडलं असेल" असं कोणी म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की या गोष्टीची सव्वाशे वर्षांत जी जी रूपं झाली त्यांत बूट कुठल्या रंगाचे आणि चेटकीण हिरवी की नाही यापेक्षा मोठा प्रश्न हा आहे की त्या पोरीवर विश्वास ठेवलाय की नाही. तुम्ही कोणती रूपं पाहिलीत, वाचलीत? त्यात काय केलंय? लेकीला पुढे काय दाखवू, काय वाचून दाखवू?

नदीकाठ

काय सुंदर धागा! वाचतेय.

गिरगावचा_जुना

तुमच्या लेकीचं म्हणणं पटलं, तरी १९३९ च्या सिनेमाच्या बाजूने दोन शब्द. मोठ्या माणसांना निव्वळ परीकथा पचणार नाही अशी स्टुडिओला धास्ती होती, म्हणून स्वप्नाची चौकट आली. गड्यांचेच चेहरे बुजगावण्याला, पत्र्याच्या माणसाला आणि सिंहाला दिले, सायकलवरून येऊन कुत्रा घेऊन जाणारी खाष्ट बाईच पुढे चेटकीण झाली. म्हणजे स्वप्न असलं तरी त्यात पोरीच्या आयुष्यातलीच माणसं आहेत, तिला कोणाची भीती वाटते आणि कोणाचा आधार वाटतो ते सगळं त्यात दिसतं. मला ते खोटं वाटत नाही.

आणि तो दार उघडण्याचा क्षण! तो कसा केलाय माहितीये का? आतली खोलीच तपकिरी रंगात रंगवली, जुडीच्या जागी तिची डमी पाठमोरी उभी केली तपकिरी झगा घालून, तिने दार उघडलं की बाहेर रंगीत ओझ दिसतं आणि ती बाजूला होते तशी खरी जुडी निळ्या चौकटीच्या झग्यात पुढे येते. सगळा शॉट रंगीत फिल्मवरच आहे. मी कितीतरी वेळा बघितलाय, माहीत असूनही अंगावर काटा येतो.

एक मुंबईचा धागाही जोडतो. सलमान रश्दींनी दहाव्या वर्षी मुंबईत जी पहिली गोष्ट लिहिली तिचं नाव 'ओव्हर द रेनबो' होतं आणि पुढे १९९२ मध्ये त्यांनी या सिनेमावर छोटं पुस्तकच लिहिलं. 'घरासारखी जागा नाही' हा सिनेमाचा उपदेश त्यांना अजिबात मान्य नाही, त्यांच्या मते हा सिनेमा घर सोडून निघण्याच्या आनंदाचा आहे. आणि गंमत बघा, ज्या गाण्यात ते निघणं आहे ते 'ओव्हर द रेनबो'च खाजगी खेळानंतर कापून टाकलं होतं, लांबतंय म्हणून. नंतर परत घातलं आणि त्यालाच ऑस्कर मिळालं.

चिंचबन

@कोवळं_ऊन, तुम्हाला 'रिटर्न टू ओझ' बघायलाच हवा, १९८५ चा, वॉल्टर मर्च यांनी दिग्दर्शित केलेला. पण लेकीला आत्ता दाखवू नका, आधी एकट्या बघा. कारण तुमच्या लेकीचा जो प्रश्न आहे ना, अख्खा सिनेमाच त्यावर उभा आहे.

वादळाला काही महिने झालेत, डोरोथीला झोप येत नाही, ती सारखं ओझबद्दल बोलते. आणि एम काकू, जी वाईट नाहीये, खरंच काळजीपोटी करतेय, ती तिला एका दवाखान्यात नेते जिथे डोक्याला विजेचे झटके देऊन असले विचार काढून टाकतात. त्या यंत्राला डॉक्टरने चेहरा आहे असं दाखवून तिला समजावलेलं असतं, हे बघ डोळे, हे नाक. तिला पट्ट्यांनी बांधून नेतात आणि ऐनवेळी वादळात वीज जाते. मी हे बारा वर्षांची असताना व्हिडिओ कॅसेटवर बघितलं आणि रात्रभर दिवा चालू ठेवून झोपले.

सिनेमा पडला, लोक गाणी आणि रंग शोधायला गेले होते. पण फेरूझा बाल्क ही डोरोथी पुस्तकाच्या वयाची आहे, खरंच लहान आहे, जुडी सोळा वर्षांची होती. आणि शेवट बघा: कॅन्ससमध्ये परत आल्यावर तिच्या खोलीतल्या आरशात ओझमा, म्हणजे ओझची राजकन्या, दिसते, डोरोथी आनंदाने काकूला हाक मारते, आणि ओझमा ओठांवर बोट ठेवते. गप्प. काकू वर येते तेव्हा डोरोथी म्हणते काही नाही, आरशात मीच दिसले. म्हणजे तिला कळलंय की खरं सांगितलं की काय होतं. मला तो शेवट कुठल्याही राक्षसापेक्षा जास्त लागतो.

नदीकाठ

बाप रे. वाचूनच कसंतरी झालं.

अक्षरवेडा

यात रशियन ओझ राहून जातंय म्हणून लिहितो. मी रशियन शिकलो ते लहानपणी घरात आलेल्या सोव्हिएत पुस्तकांच्या ओढीने, ती जाड पुठ्ठ्याची स्वस्त पुस्तकं, पुण्यामुंबईत प्रदर्शनात मिळायची, लोकवाङ्मय गृहामुळे मराठीतही बरीच आली, अनेकांच्या घरात असतील. रशियन बऱ्यापैकी वाचता यायला लागल्यावर शिक्षिकेने हातात दिलेलं पहिलं अख्खं पुस्तक म्हणजे 'पाचूनगरीचा जादूगार', अलेक्सांद्र वोल्कोव यांचं.

वोल्कोव मॉस्कोत गणित शिकवायचे. इंग्रजीचा सराव म्हणून बॉमचं पुस्तक भाषांतर करायला घेतलं आणि करता करता त्यात इतके बदल केले की ते १९३९ मध्ये त्यांच्याच नावाने आलं. हो, सिनेमा आला त्याच वर्षी. डोरोथीची झाली एली, आणि ती अनाथ नाहीये, तिला आई आणि बाबा आहेत. डोरोथीच्या कुत्र्याचा, टोटोचा, तोतोश्का झाला आणि जादूच्या देशात पोचताच तो बोलायला लागतो. पत्र्याचा माणूस लोखंडी झाला. १९५९ मध्ये नवी आवृत्ती आली व्लादिमिर्स्की यांच्या चित्रांची, तीच मग घराघरात पोचली. पुढे वोल्कोव यांनी स्वतःच्या डोक्याने आणखी पाच पुस्तकं लिहिली, त्यातलं लाकडी सैनिकांची फौज उभी करणाऱ्या उर्फिन ज्यूसचं दुसरं पुस्तक तर माझ्या मते बॉमच्या बऱ्याचशा पुढच्या पुस्तकांपेक्षा सरस आहे. सोव्हिएत मुलांच्या कित्येक पिढ्यांना बॉम हे नावच माहीत नव्हतं, त्यांच्यासाठी ही गोष्ट एलीची.

आता तुमच्या मुद्द्यावर येतो. वोल्कोवच्या शेवटी एली परत येते, आई विचारते कुठून आलीस, ती सांगते जादूच्या देशातून. इथपर्यंत बॉमसारखंच. पण शेवटच्या एकदोन ओळींत त्यांनी एक भर घातलीय. एली वडिलांबरोबर शेजारच्या गावच्या जत्रेला जाते आणि तिथे एका खेळाच्या तंबूत तिला गुडविन भेटतो, म्हणजे तो जादूगारच, फुग्यातून उडून गेलेला! दोघांना झालेल्या आनंदाला सीमा नाही. बास, पुस्तक संपलं. गणिताच्या मास्तरांनी पुरावाच दिलाय की पोरीने सांगितलेलं सगळं खरं होतं.

कोवळं_ऊन

@अक्षरवेडा, मी हे आत्ता स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं आणि जत्रेतल्या गुडविनवर डोळ्यांत पाणी आलं. हे मला माहीतच नव्हतं. लेकीला नक्की सांगणार.

@चिंचबन, सिनेमा बघेन, एकटीच.

@गिरगावचा_जुना, दाराचं वाचून लेकीला तो शॉट परत दाखवला, तीनदा मागे घेऊन. तिला डमीचा हात सापडला आणि ती जाम खूष झाली. स्वप्नात आपलीच माणसं येतात हे तुमचं पटतंय, पण मग ग्लिंडा, ती चांगली चेटकीण, कोण? तिचा चेहरा कॅन्ससमध्ये कुणाचाच नाहीये. हा प्रश्न लेकीचाच.

उनाडपाखरू

धागा आवडला पण एक दुरुस्ती करायला हवी, कारण पहिल्या पुस्तकाच्या शेवटावर सगळं थांबवलं तर चित्र अर्धवट राहतं.

बॉमनी ओझची एकूण चौदा पुस्तकं लिहिली. सहाव्यात, 'द एमराल्ड सिटी ऑफ ओझ' (१९१०), सरळ लिहिलंय की हेन्री काकाचा डोरोथीच्या गोष्टींवर पुरता विश्वास बसत नव्हता, त्याला वाटायचं पोर आपल्या गेलेल्या आईसारखीच स्वप्नाळू आहे. म्हणजे पुस्तकातल्या मोठ्यांनी लगेच विश्वास ठेवला असं नाहीये.

पण पुढे काय होतं ते महत्त्वाचं आहे. ते जे नवीन घर बांधलं ना, ज्याच्या दारात कोबीला पाणी घालणं चाललंय, ते कर्ज काढून बांधलं होतं. शेत गहाण टाकून. मग काकाची तब्येत बिघडली, डॉक्टरांनी समुद्रप्रवास सांगितला, त्यात आणखी पैसे गेले. दर वर्षी पिकातून येणारं कमी आणि फेडायचं जास्त. शेवटी बँकवाला सांगतो, पैसे भरा नाहीतर शेत जाईल. काका दुपारचा घरी येऊन काकूला हे सांगतो तो प्रसंग वाचताना मला परीकथा वाचतोय असं वाटलंच नाही, आमच्या गावाकडे मराठवाड्यात हे बोलणं कित्येक ओसऱ्यांवर झालेलं आहे, फक्त नावं वेगळी. आम्ही लहान होतो तेव्हा आमच्याही घरी झालं होतं, दार लोटून.

आणि त्यावर डोरोथी काय करते? ओझमाला सांगून काकाकाकूला कायमचं ओझला घेऊन जाते. त्यांना डोळ्यांनी दाखवते. काकू बिचारी महालात कावरीबावरी होते, हात लावायला घाबरते, पण आता स्वप्न म्हणायची सोय नाही. म्हणजे बॉमनी विश्वासाचा प्रश्न असा सोडवला की ज्यांनी विश्वास ठेवला नाही त्यांनाच संकटात त्या जागेने आसरा दिला. यावर कोणी सिनेमा का काढत नाही मला कळत नाही. १९८६ च्या जपानी ॲनिमे मालिकेत पुढच्या पुस्तकांचा भाग आहे, पण मोठ्या पडद्यावर हे कर्ज कुठेच येत नाही.

कोवळं_ऊन

दुरुस्तीसाठी मनापासून आभार. मला कर्जाचं माहीतच नव्हतं. 'नवीन घर बांधलंय' हे मी किती सहज लिहून गेले. आणि तुम्ही घरचं सांगितलंत, त्याबद्दलही.

धुक्यातली_वाट

माझा जीव पत्र्याच्या माणसावर आहे. सिनेमात तो पहिल्यापासूनच पत्र्याचा. पुस्तकात तो हाडामांसाचा लाकूडतोड्या होता, एका मुलीवर प्रेम होतं, लग्न करायचं होतं. ती ज्या म्हातारीकडे राहायची तिला हे लग्न नको होतं कारण घरकाम करणारी गेली असती. म्हणून तिने पूर्वेच्या चेटकिणीला दोन मेंढ्या आणि एक गाय कबूल केली, चेटकिणीने कुऱ्हाड मंतरली. कुऱ्हाड निसटून पाय तुटला, त्याने पत्र्याचा करून घेतला. दुसरा पाय. मग हात. मग डोकं. तरी तो प्रेम करतच राहिला. शेवटी धड दुभंगलं, कारागिराने पत्र्याचं धड बसवलं आणि आता आत हृदय नाही म्हणून प्रेमही उरलं नाही, त्या मुलीशी लग्न होवो न होवो त्याला काहीच वाटेना. तो हे सगळं शांतपणे सांगतो, चालता चालता.

१९०० साली कारखान्यांत माणसांचे हात जात होते तेव्हा हे लिहिलंय. मी बारा वर्षं शॉपफ्लोअरवर काढलीत म्हणून मला ते तसंच दिसतं. आणि एवढं असूनही तो मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालतो, एकदा किडा चिरडला गेला तर इतका रडला की जबड्याची बिजागरी गंजून तोंड उघडेना. ज्याच्याकडे हृदय नाही तोच सगळ्यात जपून चालतो. हे कोणत्याही सिनेमात नीट आलेलं नाही, याची खंत आहे.

राजस_जर्सी

आम्ही न्यू जर्सीत, त्यामुळे 'विकेड' दोनदा बघून झालंय गर्शविन थिएटरमध्ये, आणि मग सिनेमाचे दोन्ही भाग, २०२४ आणि २०२५. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: ग्रेगरी मॅग्वायर यांची १९९५ ची कादंबरी (ती मुलांसाठी अजिबात नाही!), त्यावरून २००३ मध्ये ब्रॉडवेवर संगीत नाटक. पश्चिमेची दुष्ट चेटकीण दुष्ट कशी ठरवली गेली याची गोष्ट. तिचं नाव एल्फाबा, ते एल. एफ. बी. या बॉमच्याच आद्याक्षरांवरून.

आता बघा किती थर चढलेत. पुस्तकातली चेटकीण हिरवी नाहीच, तिला एकच डोळा आहे पण तो दुर्बिणीसारखा लांबचं बघतो. हिरवी केली १९३९ च्या सिनेमाने. आणि 'विकेड'चा तर सगळा डोलारा त्या हिरव्या कातडीवर आहे, हिरवी म्हणून जन्मापासून बापाने झिडकारली. उलट बूट मात्र पुस्तकातले चांदीचे, सिनेमाने टेक्निकलरमध्ये उठून दिसावेत म्हणून माणकांचे लाल केले, आणि 'विकेड' सिनेमात ते परत चंदेरी झालेत. पुस्तक सगळ्यांसाठी मोकळं झालंय १९५६ पासून, पण लाल बुटांचे हक्क स्टुडिओकडे.

विश्वासाच्या मुद्द्यावर: 'विकेड'मध्ये ओझ शंभर टक्के खरं आहे, स्वप्न नाही. पण तिथे खोटं वेगळीकडे आहे. जादूगार आणि त्याची माणसं एका मुलीबद्दल खोटं पसरवतात आणि सगळं गाव ते मानतं. माझी मुलगी पंधराची आहे, शाळेत तिच्याबद्दल मागच्या वर्षी असंच काहीतरी पसरवलं होतं. एल्फाबा झाडू घेऊन उडते त्या गाण्याला तिने माझा हात एवढा घट्ट धरला की अंगठी रुतली. घरी येईपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही.

आणि 'द विझ' विसरू नका कोणी! १९७५ चं ब्रॉडवे, सगळे कृष्णवर्णीय कलाकार, सात टोनी पुरस्कार. १९७८ च्या सिनेमात डायना रॉसची डोरोथी हार्लेममधली शिक्षिका आहे, मायकल जॅक्सन बुजगावणं, पाचूनगरी म्हणजे वर्ल्ड ट्रेड सेंटर. समीक्षकांनी झोडपलं पण इथे माझ्या ऑफिसमधल्या कितीतरी मैत्रिणींसाठी ओझ म्हणजे 'द विझ'च, जुडी गार्लंड नंतर.

मीमराठी_वाचक

ते लाल बूट २००५ मध्ये जुडी गार्लंड यांच्या मिनेसोटातल्या संग्रहालयातून चोरीला गेले होते, २०१८ मध्ये सापडले आणि डिसेंबर २०२४ मध्ये लिलावात २.८ कोटी डॉलरची बोली लागली. चोराला वाटलं होतं खरी माणकं आहेत. सगळ्या टिकल्या आहेत, सिनेमासाठी शिवलेल्या.

शोधयात्री

या पुस्तकाबद्दल एक वाचलेलं की ते खरं म्हणजे अमेरिकन राजकारणावरचं रूपक आहे. पिवळ्या विटांची वाट म्हणजे सोन्याचं चलन, चांदीचे बूट म्हणजे चांदीचंही चलन हवं ही शेतकऱ्यांची मागणी, बुजगावणं म्हणजे शेतकरी, पत्र्याचा माणूस कामगार. हे बरोबर आहे का?

उनाडपाखरू

@शोधयात्री, ते १९६४ मध्ये हेन्री लिटलफील्ड या इतिहासाच्या शिक्षकाने मांडलं, वर्गात मुलांना १८९० च्या दशकातलं राजकारण समजावं म्हणून. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की बॉमच्या मनात असं होतं याला आधार नाही. वर्गात शिकवायला छान, पण पुस्तकाला कुलपासारखी ती एकच किल्ली लावू नये असं मला वाटतं.

कुलपावरून आठवलं, पाचूनगरीचे हिरवे चष्मे! वेशीवरचा पहारेकरी सगळ्यांना, टोटोलासुद्धा, हिरवा चष्मा घालतो आणि मागून किल्लीने कुलूप लावतो. नंतर जादूगार कबूल करतो की गाव काही खास हिरवं नाही, चष्मे घालूनच लोकांना वाटतं. आणि डोरोथीने महालात घातलेला हिरवा रेशमी झगा वेशीबाहेर चष्मा काढल्यावर पांढरा शुभ्र निघतो, टोटोच्या गळ्यातली हिरवी फीतही पांढरी. सिनेमाने चष्मे काढून टाकले आणि गावच हिरवं केलं.

सावली_आणि_मी

मी जे लिहिणार आहे ते या सुंदर धाग्यात बोचेल, पण लिहायला हवं. बॉम हे पुस्तकाआधी डाकोटात ॲबर्डीन गावात एक साप्ताहिक चालवायचे. डिसेंबर १८९० मध्ये लाकोटा या मूळनिवासी जमातीचा सरदार सिटिंग बुल मारला गेला तेव्हा आणि लगेच वुंडेड नीला सैन्याने केलेल्या लाकोटांच्या कत्तलीनंतर त्यांनी दोन अग्रलेख लिहिले, त्यांत मूळनिवासींचा समूळ नायनाट करावा असं म्हटलंय. स्पष्ट शब्दांत. २००६ मध्ये त्यांच्या वंशजांनी मूळनिवासींची माफी मागितली. मी हे कळल्यावर पुस्तक कपाटातून काढून ठेवलं, अजून परत उघडलेलं नाही. तुमच्या लेकीला सांगाल का हे?

नदीकाठ

हे माहीत नव्हतं. सुन्न झाले.

कोवळं_ऊन

@सावली_आणि_मी, लिहिलंत ते बरं केलंत. मी दोन दिवस उत्तर लिहून खोडतेय. ते अग्रलेख शोधून वाचले. सौम्य करून सांगता येईल असं त्यात काही नाही.

पुस्तकात उडणारी माकडं आहेत. सिनेमात ती नुसती चेटकिणीची भयानक फौज. पुस्तकात त्यांचा मुख्य डोरोथीला त्यांची गोष्ट सांगतो, आम्ही पूर्वी रानात मोकळे होतो, मजेत राहायचो, कुणाला मालक म्हणत नव्हतो, मग एका खोडीची शिक्षा म्हणून ती सोन्याची टोपी आली आणि जो ती घालेल त्याचे तीन हुकूम पाळायचे हे नशिबी आलं. चेटकिणीचं काम ती मनापासून करत नाहीत. आणि परवा रात्री आम्ही ज्या भागाच्या दारात आहोत तिथे ग्लिंडा आपले तीन हुकूम वापरून टोपी माकडांच्या राजालाच देणार आहे, की तुम्ही आता कायमचे मोकळे. ज्या माणसाने हे लिहिलं त्यानेच दहा वर्षांपूर्वी ते अग्रलेख लिहिले होते. मला या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून टाकता येत नाहीत आणि टाकायच्याही नाहीत. लेक आठ वर्षांची आहे, आत्ता नाही सांगणार. मोठी झाली की सांगणार, अग्रलेखांसकट. तुम्ही पुस्तक बंद ठेवलंत ते मला समजतं.

सावली_आणि_मी

धन्यवाद. माकडांचं मी विसरले होते.

अक्षरवेडा

रूपांतरांनी मूळ बिघडवलं असं अधूनमधून येतंय वर, तर एक सांगायचं राहिलं. सगळ्यात आधी ते बॉमनीच केलं! १९०२ मध्ये शिकागोत संगीत नाटक आलं, पुढच्या वर्षी ब्रॉडवेवर, त्यात टोटोच नाही, टोटोच्या जागी इमोजिन नावाची गाय आहे. पश्चिमेची चेटकीणसुद्धा गायब. तुफान चाललं. मग १९०८ मध्ये बॉम स्वतः पांढरा सूट घालून पडद्यासमोर उभे राहून रंगवलेल्या फिल्म आणि काचचित्रांसकट ओझ सांगत गावोगाव फिरले, त्यात कर्जबाजारी झाले. १९१४ मध्ये स्वतःची फिल्म कंपनी काढली, तीही टिकली नाही. त्या माणसाला ही गोष्ट जिथे जिथे हलताबोलता येईल तिथे न्यायची होती.

उनाडपाखरू

गाय! हे भारी आहे. आमच्याकडे टोटोपेक्षा गायच शोभली असती.

धुक्यातली_वाट

@कोवळं_ऊन, शेवटचं प्रकरण झालं का? मी वाट बघतेय.

कोवळं_ऊन

काल झालं. सांगते.

ते अगदी छोटं आहे, अर्ध्या पानाचं. मी दिवा कमी केला होता. डोरोथी गवताळ माळावर येऊन पडते, बूट वाळवंटावरून उडताना कुठेतरी गळून पडलेत, पायात नुसते मोजे. काकू कोबीला पाणी घालायला येते, वर बघते. मी सांगितलं, काकूने तिला मिठीत घेतलं, पापे घेतले आणि विचारलं, माझ्या बाळा, कुठून आलीस गं तू? ती म्हणाली, ओझच्या देशातून. आणि हा टोटो पण. आणि एम काकू, मी घरी आले याचा मला किती आनंद झालाय!

लेक जरा वेळ काहीच बोलली नाही. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "हसले नाहीत ना तिला?" म्हटलं नाही. मग परत थोडा वेळ गेला. "आई, कोबी कुठल्या रंगाचा असतो?" म्हटलं हिरवा. "पण तिकडे सगळं करडं होतं." मी उठून पहिलं प्रकरण उघडलं, दोघींनी मिळून बघितलं. खरंच, तिथे गवतसुद्धा हिरवं नाहीये, कोबीचा तर पत्ताच नाही. शेवटच्या प्रकरणात रंगाचा शब्द बॉमनी कुठे घातलेला नाही, फक्त कोबी आहे आणि काकू त्याला पाणी घालतेय. मी तीन आठवडे हे पुस्तक घेऊन बसलेय, मला दिसलं नव्हतं.

मग जत्रेतल्या गुडविनची गोष्ट सांगितली. ती ऐकून ती उठूनच बसली, म्हणाली ते रशियन पुस्तक पण हवं. @अक्षरवेडा, इंग्रजीत चांगलं भाषांतर कुठलं ते सांगाल का? कर्जाचं सहावं पुस्तक मी आधी एकटी वाचणार आहे. उद्यापासून दुसरं सुरू, टिप नावाचा मुलगा आणि भोपळ्याच्या डोक्याचा जॅक.